अक्काच्या गाण्यातली चिंच

‘झाड कसलं व्हतं?’

हा प्रश्न मला जन्मात सगळ्यात जास्त वेळा कुणी विचारला असेल, तर तो माझ्या घरमालकिणीनं. भालकीहून येऊ दे, बिदरहून येऊ दे, की कोपऱ्यावरच्या न्हाव्याकडून येऊ दे, गिरणीच्या दारात तिचा हात आडवा यायचाच. कोपरापर्यंत पिठानं पांढरा झालेला हात.

‘कुठं उतरलास?’

‘स्टँडवर.’

‘स्टँडवर कुत्रंबी उतरतंय. उतरल्यावर पयलं काय दिसलं?’

‘पाटी.’

‘पाटी सरकारची. झाड कसलं व्हतं?’

मला झाड आठवायचं नाही. मग ती हात काढून घ्यायची आणि वजनकाट्यापाशी बसलेल्या नवऱ्याला मोठ्यानं सांगायची, ‘आंधळं आलं बगा.’ नवऱ्याला, म्हणजे अप्पांना, ऐकू कमी यायचं. ते मान डोलवायचे. तीस वर्षं गिरणीत बसून कान गेले असं अप्पा म्हणायचे. अक्काचं म्हणणं, कान लग्नानंतर दुसऱ्या दिवशीच गेले होते, आणि ते अप्पांनी स्वतः घालवले होते.

सगळा हुमनाबाद तिला अक्का म्हणायचा. मीही म्हणायचो. तिच्या पिठाच्या गिरणीमागच्या खोलीत मी चार वर्षं राहिलो. राहिलो म्हणजे मुरलो. उशीवर पीठ, कंगव्यात पीठ, चहावर पिठाची साय. वयाच्या चोविसाव्या वर्षी माझ्या मिशा पांढऱ्या दिसायच्या, आणि मुलगी दाखवायला आलेला एक मध्यस्थ मला बघून मुलाचा बापच समजला आणि ‘मुलाला बोलवा की’ म्हणाला.

मी खटकचिंचोळीचा. नव्वदीची ती मधली वर्षं. गावोगावचे गडी पुण्याला, हैदराबादला, भिवंडीला निघाले होते. जे जास्त लांब जायला भ्यायले ते हुमनाबादला थांबले, त्यांच्यात मी. सोलापूर-हैदराबाद हमरस्त्यावरच्या एका ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात मी बिल्ट्या लिहायचो, म्हणजे कोणत्या लॉरीत कोणता माल कुठं चालला याचे कागद. पुणे, सोलापूर, विजयवाडा ही गावं मी दिवसातून शंभरदा लिहायचो आणि यातलं एकही बघितलेलं नव्हतं.

शिवाय मी कवी होतो. कॉलेजच्या वार्षिकात माझी एक कविता छापून आली होती आणि तो अंक मी अजून गादीखाली ठेवत होतो. एकदा मोठ्या मनानं ती कविता अक्काला वाचून दाखवली. तिच्यात ‘विरह’ सात वेळा होता. अक्का दाण्यातले खडे वेचत ऐकत होती.

‘इरह म्हंजे काय रं?’

‘ताटातूट.’

‘कुणाची?’

तोवर माझी कुणाशी नीट ओळखही झाली नव्हती, तूट कुठली व्हायला? ‘अशीच,’ म्हणालो. ‘सर्वसाधारण.’

‘मंग येवढं रडायलास कामून?’ ती म्हणाली, आणि त्या दिवसापासून मला ‘कवी’ म्हणू लागली. लोक कुत्र्याला ‘वाघ्या’ म्हणतात त्या सुरात.

गाणं तर ती स्वतःच रचत होती. पण हे मला कळलं करंट गेल्यामुळं.

गिरणी चालू झाली की तिचा पट्टा असा फडफडायचा आणि दगड असे घरघरायचे की शेजारी उभ्या माणसाशीही खुणांनी बोलावं लागे. त्या आवाजात अक्का वरच्या पत्र्याच्या डब्यात दाणे ओतत ओठ हलवत असायची. मला वाटायचं, अप्पांना शिव्या देत असेल. एके दिवशी दुपारी गिरणी भरात असताना करंट गेला. पट्टा थांबला, दगड थांबले, आणि त्या अवचित शांततेत अक्काचा सणसणीत आवाज सगळ्या गल्लीला ऐकू आला:

*राजेश्वरच्या फाट्यावरी लिंब उभा एकला*
*इचारते मी लिंबाला, कुठं भाऊ देखला—*

आणि गप. रांगेतल्या बायका डबे धरून तशाच उभ्या. अक्कानं मान वर न करता विचारलं, ‘पुढची जवार कुणाची?’

तेव्हापासून मी करंट जायची वाट बघू लागलो. सगळं गाव वीजवाल्यांच्या नावानं बोटं मोडायचं आणि मी खोलीत कागद-पेन्सिल घेऊन दबा धरून बसायचो. कधी अर्धी ओळ मिळायची, कधी नुसता ‘गंऽऽ’. आठ महिन्यांत माझ्याकडं नऊ ओव्या जमल्या. त्यावरून आणि रांगेतल्या बायकांकडून मला पुढची हकिगत कळली.

अक्काचं माहेर संतपूरचं. पिढ्यान्‌पिढ्या मेंढरं राखणारं घर, आता शेती. तिला एकच भाऊ, धाकटा. तो लॉरीवर ड्रायव्हर झाला. नागपंचमीला लेकीला माहेरी न्यायला येतो त्याला आमच्याकडं मुराळी म्हणतात. दरसाल हा भाऊच अक्काचा मुराळी. मी हुमनाबादला यायच्या आदल्या साली तो पंचमीसाठी पुण्याहून माल घेऊन येत होता. लॉरी हुमनाबादला उभी करायची, बहिणीला संतपूरला पोचवायचं आणि मग पुढं हैदराबादला जायचं, असं त्याचं ठरलेलं. क्लीनर सणासाठी सोलापुरातच उतरला. हा एकटाच पुढं निघाला, आणि पंचमीच्या सकाळी नळदुर्गच्या पलीकडं कुठंतरी गाडी उलटून गेला. अक्का इकडं नवं लुगडं नेसून, पिशवी भरून, दारात बसलेली.

अप्पा आणि अक्काचे मामा सोलापूरला जाऊन सगळं उरकून आले. कागदावर नुसतं ‘नळदुर्गजवळ’ लिहिलेलं. जागा कुणीच बघितली नाही. अक्काला सांगितलं, ‘वळणावर झालं. लई वाईट वळण हाय म्हणं.’

सणाच्या दिवशी घरातलं माणूस गेलं की तो सण मोडतो. पुन्हा त्याच दिवशी घरात लेकरू जन्मलं किंवा गाय व्याली, तरच सण जुळतो. नाहीतर पिढ्या जातात. संतपूरच्या त्या घरात पंचमी मोडली. झोका नाही, फेर नाही, वारुळाला जाणं नाही.

अक्का गाय व्यायची वाट बघत बसणाऱ्यातली नव्हती. तिनं उलटाच हिशेब मांडला: मुराळी आला नाही, तर आपणच मुराळी व्हायचं आणि भावाला न्यायला जायचं. तिच्या गाण्याची सुरुवातच तशी होती:

*पंचमीचा सण आला, न्हाई कुनी न्यायाला*
*मुराळी मी निघाले माझ्या धाकल्या भावाला*

जाणं म्हणजे खरोखरचं जाणं. आवसेला, म्हणजे अमावस्येला, गिरणी बंद असायची. लोक आवसेला प्रवास टाळतात. अक्का त्याच दिवशी सोलापूरकडची बस धरायची. एका आवसेला राजेश्वर. उतरायचं, फाट्यावर तासभर उभं राहायचं, झाड बघायचं, परत यायचं. मग महिनाभर गिरणीच्या आवाजात त्या जागेची ओवी घोळवायची. ओवी बसली तर पुढच्या आवसेला पुढचा थांबा. नाही बसली तर पुन्हा तिथंच. सस्तापूर, उमरगा, येणेगूर. उमरग्याला तिच्या चार आवसा गेल्या. तिथं वडाखाली लॉऱ्याच इतक्या उभ्या असत की तिला एकेक बघायची होती. तिनं स्वतः घरच्या लोकरीचा काळा गोंडा वळून भावाच्या गाडीला बांधला होता.

*उमरग्याच्या नाक्यावरी वडाखाली गाड्या उभ्या*
*काळा गोंडा दिसंना गं, मोजून बघितल्या सगळ्या*

मी एकदा म्हटलं, ‘अक्का, थांब्यांची नावं तर पाटीवर असतात. घरी बसून सगळी ओवी होईल की.’

‘बघितल्याबिगर मी शब्द लावत न्हाई,’ ती म्हणाली. ‘तू लावतूस. म्हणून तुझा इरह असा पिठूळ लागतोय.’

तिच्या शिस्तीची एक गोष्ट आहे. ती रांगेतल्या बायका हसून हसून सांगायच्या आणि मीही पुढं बऱ्याच ठिकाणी हसून सांगितली. लग्नानंतरच्या पहिल्या पंचमीला भाऊ पहिल्यांदाच मुराळी म्हणून आला. त्यांच्या घरचा नेम असा की मुराळ्यानं वाटेत काही खाऊ-पिऊ नये. बहिणीच्या उंबऱ्यावर, तिच्या हातचं पाणी पहिलं. हा गडी भालकीच्या स्टँडवर उसाचा रस पिऊन आला. अक्कानं पाण्याचा तांब्या पुढं केला, त्याच्या सदऱ्यावरचा डाग बघितला आणि तांब्या मागं घेतला.

‘रस पिलास?’

‘अर्धाच गिलास, अक्का.’

‘जा.’

‘कुठं?’

‘भालकीला. तिथनं परत ये. कोरडा ये.’

आणि तो गेला. खरोखर भालकीला जाऊन, पुढच्या बसनं, ओठ वाळवून परत आला. त्यानंतर त्यानं नेम कधी मोडला नाही.

अक्काचं गाणं नळदुर्गला अडलं. पुढची जागाच ठाऊक नाही तर ओवी कशावर बसणार? सहा आवसा गेल्या. आषाढ लागला. एक दिवस ती माझ्या खोलीच्या दारात उभी राहिली. माझ्या खोलीत ती कधी येत नसे. तिथं पीठ फार आहे म्हणायची.

‘कवी, तुझ्यापाशी समदे लारीवाले येतात. इचार की कुणाला तरी. त्या साली पंचमीला कुठं गाडी पडली व्हती. येवढं कर.’

‘करतो की,’ मी म्हणालो.

आता खरं सांगायचं तर मी ड्रायव्हर लोकांना भीत होतो. ते मला ‘ए शाई’ म्हणून हाक मारायचे. तरी धीर करून एकाला विचारलं. तो जेवत होता. म्हणाला, ‘तीन-चार सालांखालची गाडी? या रोडला रोज पडतात. तू कुठली म्हणायलास?’ झालं. माझी चौकशी संपली. पण अक्का रोज संध्याकाळी विचारू लागली, ‘कळलं?’ आणि चौथ्या दिवशी मी म्हणालो, ‘कळलं.’

का म्हणालो? एक कारण चांगलं होतं: म्हातारपणाकडं झुकलेली बाई, किती आवसा फिरणार? सुटू दे बिचारी. पण दुसरं कारण जास्त खरं होतं. मला त्या गाण्यात माझी एक ओवी हवी होती. ती मी आधीच रचून ठेवली होती.

‘इटकळच्या अलीकडं ओढ्यावर पूल आहे,’ मी सांगितलं. ‘तिथं चिंच आहे. मोठी. ड्रायव्हर म्हणाला, तिच्याखाली.’ आणि लगेच, घसा साफ करून:

*इटकळच्या पुलापाशी चिंच डोले वाऱ्यावरी*
*तिच्या थंड सावलीत निजला गं माझा हरी*

अक्कानं डोळे मिटून ऐकलं. मी कौतुकाची वाट बघत होतो.

‘चिंच बघितलीस?’

‘मी नाही. ड्रायव्हरनं.’

‘बरं. येत्या आवसेला तू चल संगं.’

आषाढातली आवस. आभाळ भरलेलं, पण थेंब नाही. अंगाला नुसता चिकट उकाडा. अक्कानं फडक्यात भाकरी आणि शेंगाचटणी बांधून घेतली होती, पण ती भावासाठी. मुराळी वाटेत खात नाही हे मला बसमध्ये बसल्यावर कळलं. माझ्या पिशवीत पाण्याची बाटली होती. ती मी काढली की अक्का बाटलीकडं न बघता खिडकीबाहेर बघायची, आणि मी बाटली परत ठेवायचो. राजेश्वर गेलं, तिनं लिंबाला हात जोडले. उमरगा गेलं, वडाला जोडले. प्रत्येक झाड जागच्या जागी होतं. भरवसा नव्हता तो फक्त माझ्या चिंचेचा.

इटकळला उतरलो. ओढा होता. पूलही होता, हे माझं नशीब. पुलापाशी एक वाकडी बाभळ होती.

‘ही बाभळ,’ अक्का म्हणाली.

‘चिंच तोडली असेल.’

‘बुडखा?’

‘बुडखापण नेला असेल. लोक हल्ली...’

बाजूला एक म्हातारी शेरडं चारत होती. अक्का तिच्याकडं गेली. ‘माय, हितं चिंच व्हती का कवा?’

‘हितं?’ म्हातारी म्हणाली. ‘माझ्या जल्मात न्हाई. माझ्या सासूच्या जल्मातबी न्हाई.’

‘आनि गाडी पडली व्हती का? पंचमीला?’

‘हितं न्हाई पडली बाई.’

अक्का परत आली आणि माझ्यासमोर उभी राहिली. त्या दिवशी तिच्या अंगावर पीठ नव्हतं, त्यामुळं ती मला परकीच वाटत होती. भुवया काळ्या आहेत हे मी तेव्हा पहिल्यांदा बघितलं.

‘मी खोटं बोललो,’ मी म्हणालो.

ती मारील असं वाटलं. मारलं असतं तर बरं झालं असतं. तिनं पदर खोचला, भाकरीचं फडकं डोक्यावर ठेवलं आणि नळदुर्गच्या दिशेनं, रस्त्याच्या कडेनं चालू लागली.

‘अक्का, बस येईल की.’

‘बसमधनं इचारता येत न्हाई.’

ती पुढं, मी मागं. लॉऱ्या अंगावरून गेल्यासारख्या जायच्या. प्रत्येक टपरी, प्रत्येक ढाबा, प्रत्येक वस्ती. ‘त्या साली पंचमीला, सकाळच्याला, लारी पडली व्हती. काळा गोंडा व्हता.’ लोक मान हलवायचे. पाणी विचारायचे, ती नको म्हणायची, आणि मलाही मग हो म्हणता यायचं नाही. कोस दीड कोस झाल्यावर माझ्या नव्या चपलेनं टाच कापली. मी चप्पल हातात घेतली. अक्कानं मागं बघितलं. ‘डांबर गरम हाय,’ एवढंच म्हणाली, आणि कडेच्या गवतावरून चालू लागली, म्हणजे मलाही गवतावरून चालता यावं.

अणदूरच्या अलीकडं एक पंक्चरचं दुकान होतं. चार बांबू, वर ताडपत्री, पुढं टायरांची रास. दुकानदार वयस्कर, दाढीवाले. बोलणं आमच्याकडचं दख्खनी. अक्कानं तोच प्रश्न विचारला. चाचांनी हातातला लोखंडी दांडा खाली ठेवला.

‘गोंडा? ऊन का, लोकरीचा? काला?’

मीच ‘हो’ म्हणालो.

‘हौ अम्मा. याद है ना मेरेकू. सुबे आया था, हवा भरने. आंखां लाल लाल. मैं बोला, बेटा, बैठ जरा, चाय पी, मू धो, फिर जा. बोला, नै चाचा, मैं मुराळी हूं, रस्ते में कुछ नै लेना. अक्का के हात का पानी पीना बोलके हंसने लगा. भालकी का कुछ किस्सा बी सुनाया, रस का. हौर निकल गया.’ चाचांनी रस्त्याकडं हात केला. ‘वो खंबा दिखरा ना, उसके जरा आगे. आवाज आया तो मैंच भागा सबसे पहले. नींद लगी हुंगी.’

ती उसाच्या रसाची गोष्ट मी कितीदा हसून सांगितली होती. त्यानंतर कधीच सांगितली नाही. आज लिहितोय ती पहिल्यांदा.

अक्का टायरवर बसली. मग तिनं विचारलं, ‘झाड कसलं हाय तिथं?’

‘झाड?’ चाचा म्हणाले. ‘झाड नै है अम्मा. कुछ बी नै. जाके देखो.’

आम्ही गेलो. खांबाच्या पुढं रस्ता होता. नुसता रस्ता, आणि दोन्ही बाजूंना नुकतीच उगवलेली तूर. पूल नाही, झाड नाही. अक्का मधोमध जाऊन एकदा सोलापूरकडं बघून आली, एकदा नळदुर्गकडं.

‘वळण कुठं हाय रं?’

वळण नव्हतं. दोन्हीकडं, डोळा पुरेल तिथवर, रस्ता गिरणीच्या ताणलेल्या पट्ट्यासारखा सरळ होता. चार वर्षं सगळ्यांनी तिला एक वळण दिलं होतं आणि मी त्यावर चिंच लावायला निघालो होतो.

ती परत दुकानाशी आली आणि चाचांना म्हणाली, ‘तवाचा च्या द्या. माझ्या भावाचा. तो न्हाई पिला तो.’

चाचांनी स्टो पेटवला. अक्कानं मुराळीपणाचा नेम तिथं, त्या टायरवर बसून, फुर्र फुर्र आवाज करत मोडला. मला म्हणाली, ‘पी की कवी, मरशील.’ अर्धा चहा बशीत घेऊन ती त्या जागी गेली, बशी आणि भाकरी कडेला ठेवली, आणि खाली वाकून एक खडा उचलला. साधा खडीचा खडा, काळा, डांबर लागलेला. पदराच्या टोकाला बांधताना म्हणाली, ‘चल धाकल्या. न्यायाला आलेय.’

परतीच्या बसमध्ये दोनच जागा मिळाल्या. एकीवर अक्का बसली. दुसरीवर, खिडकीपाशी, मी बसणार तेवढ्यात ती म्हणाली, ‘ऊठ.’ आणि पदर सोडून तो खडा तिनं सीटवर ठेवला.

कंडक्टर आला. ‘अरे, ही सीट रिकामी हाय की. बसा की वो.’

‘रिकामी न्हाई,’ अक्का म्हणाली.

कंडक्टरनं खड्याकडं बघितलं, अक्काकडं बघितलं, मग माझ्याकडं. ‘बसलेत ते,’ मी म्हणालो. कंडक्टर बहुतेक बहिणीचा भाऊ असावा. पुढं गेला. कापलेल्या टाचेवर मी हुमनाबादपर्यंत उभा आलो. जन्मात एवढी योग्य शिक्षा मला कुणी दिली नाही.

पंचमीला आम्ही संतपूरला गेलो. अक्का, अप्पा, मी आणि खडा. अंगणात तिच्या मामांनी वाट अडवली. ‘अक्का, पंचमी मोडलेली हाय आपली. फेर धरायचा न्हाई. पुढं गाय-बिय व्याली तर बघू.’

‘मामा, वासरू आलं की सण जुळतो ना?’

‘व्हय. तसं हाय.’

‘वासरू आल्यावर जुळतो, आनि मी पोरगा घरी आणला तर जुळत न्हाई?’ तिनं पदराची गाठ सोडली आणि खडा उंबऱ्याच्या आत, देवळीत ठेवला. ‘ह्यो आलाय. आता सरका.’

मामा काही बोलणार होते. पण अप्पा, ज्यांना काहीच ऐकू येत नसे, ते मध्ये आले आणि मामांचा हात धरून त्यांना बाजूला घेऊन गेले.

त्या दिवशी अक्का गिरणीशिवाय गायली. आधी एकटीच फिरत होती; आवाज इतका मोठा की सवयीनं पट्ट्याच्या वरताण. मग एक चुलत भावजय आली, दोन शेजारणी आल्या, मग आख्खा फेर. राजेश्वर, सस्तापूर, उमरगा. थांबे एकेक करत मागं पडले. नळदुर्ग आलं. बायका थबकल्या, कारण पुढचं कुणालाच ठाऊक नव्हतं. मलाही नव्हतं.

*वळण न्हाई, पूल न्हाई, झाड न्हाई सावलीला*
*सरळ वाटंवरी बाई, भाऊ माझा थांबला*

मी गोठ्यामागं जाऊन उभा राहिलो. ‘विरह’ कुठंच नव्हता त्यात. एकदाही.

पुढं मी ती नोकरी सोडली, लातूरकडं गेलो, संसारात पडलो. त्या रस्त्याचंही रुंदीकरण झालं, चाचांचं दुकान गेलं. कितीतरी वर्षांनी पंचमीला गावी, खटकचिंचोळीला, आलो होतो. गल्लीत बायकांचा फेर चालला होता, आणि माझी चुलती, जिनं हुमनाबादच्या पुढं पाऊल टाकलं नव्हतं, ती पुढं होऊन म्हणत होती:

*लबाडाच्या चिंचंला गं मूळ न्हाई, पान न्हाई*
*तिच्या नादी लागले तवा, वाट घावली बाई*

फेर मोडल्यावर चुलतीला हळूच विचारलं, ‘काकू, हा लबाड कोण?’

‘काय की. असंल कुणी मेला बिनकामाचा,’ काकू म्हणाली. ‘पर ओवी लई गोड हाय.’

आणि फेर मोडायच्या आधी शेवटची ओवी सगळ्या जणींनी मिळून म्हटली होती. ती आता आमच्या भागात मुराळी निघताना म्हणतात, असं कळलं:

*मुराळ्या रं दादा, वाटंत च्या घेऊन ये*
*बहिणीचं पाणी थांबंल, डोळं उघडून ये*

दुसऱ्याच दिवशी मी हुमनाबादची बस धरली. भांडायलाच. गिरणी तीच, पट्टा नवा. करंट गेलेला होता. अप्पांची जागा रिकामी; ते मागच्या साली गेले. अक्का काट्यापाशी बसली होती, आता पिठाखालीही पांढरी. हात आडवा आला.

‘वाटंत च्या घेतलास का?’

‘घेतला. अक्का, सगळ्या तालुक्यात माझी बदनामी चाललीय. एवढ्या वर्षांनी गाण्यात घातलंस होय मला?’

‘तुला पायजेच व्हतं की गाण्यात यायला.’

‘पण ती चिंच नव्हतीच! आणि तू तर म्हणायचीस, बघितल्याबिगर शब्द लावत नाही.’

‘मंग?’ ती म्हणाली. ‘तुझ्या चिंचंखाली उकाड्यात कोसावर कोस चाललेय मी. तिच्यायेवढं नीट कुठलंच झाड बघितलं न्हाई.’

तेवढ्यात करंट आला. पट्टा फडफडला, दगड घरघरले, आणि अक्का उठून दाणे ओतायला लागली. तिचे ओठ हलत होते. काही ऐकू येत नव्हतं. पण माझ्याकडं बघून हसत ती कोणती ओवी म्हणत होती, ते मला बरोबर कळत होतं. मिशांवर पीठ बसेपर्यंत मी तिथंच उभा राहिलो.